ताग न्हावा शेव्याला, कांदा चाळीत

बांगलादेशातलं तागाचं कापड जमिनीवरून भारतात येणार नाही, यायचं तर फक्त न्हावा शेवा बंदरातून यायचं, असा हुकूम दिल्लीने २७ जून २०२५ ला काढला. नकाशा समोर घ्या. ताग पिकतो फरीदपूरकडे, पद्मेच्या काठाला. तिथून बेनापोलची सीमा जवळ, आणि सीमा ओलांडली की कोलकाता ऐंशीएक किलोमीटर. आता या कापडाने चित्तगावला जहाजात चढायचं, अख्खा बंगालचा उपसागर उतरायचा, श्रीलंकेला वळसा घालायचा, अरबी समुद्रातून वर येऊन उरणला टेकायचं आणि गिऱ्हाईक कोलकात्याचं असेल तर पुन्हा दोनेक हजार किलोमीटर पूर्वेला जायचं. ऑगस्टमध्ये याच यादीत तागाचे दोर आणि पोतीही घातली. त्याआधी मे महिन्यात बांगलादेशी तयार कपड्यांना जमिनीवरची नाकी बंद करून कोलकाता आणि न्हावा शेवा ही दोनच बंदरं ठेवली होती.

ही बंदी आहे. बंदी घालायची तर सरकारने ती बंदी म्हणूनच घालावी, बंदराचं नाव पुढे करू नये.

ढाक्यानेही हात आखडला होता, हे खरं आहे. ८ एप्रिल २०२५ ला दिल्लीने बांगलादेशी मालाला भारतीय विमानतळांवरून परदेशी जाण्याची सवलत काढून घेतली. आठवडाभरात ढाक्याने, तिथल्या सूतगिरण्यांची तक्रार होतीच, भारतीय सुताला जमिनीवरची नाकी बंद केली. मेमध्ये आपण कपडे अडवले, जूनमध्ये ताग. पहिला दगड कुणी मारला यावर दोन्हीकडचे लोक भांडत बसतील. मला त्या सुताची काळजी आहे. भारताचा कापूस घेणाऱ्या देशांत बांगलादेश वर्षानुवर्षं पहिल्या रांगेत आहे, आणि त्या कापसात यवतमाळ-जळगावचा कापूस आहे. ढाक्याजवळच्या नारायणगंजच्या गिरणीत धागा अडला की भाव इथे पडतो.

आणि हे दोन्ही देश एका मुक्त व्यापार कराराचे सदस्य आहेत! 'सार्क'ची स्थापना डिसेंबर १९८५ मध्ये ढाक्यालाच झाली. तिच्या पोटातून आलेला दक्षिण आशिया मुक्त व्यापार करार, म्हणजे 'साफ्टा', जानेवारी २००४ मध्ये इस्लामाबादला सह्या होऊन १ जानेवारी २००६ पासून लागू झाला. त्यानंतरही या प्रदेशातले देश शंभर रुपयांचा व्यापार करतात तेव्हा त्यातले जेमतेम पाच रुपये शेजाऱ्याशी होतात. आग्नेय आशियात, 'आसियान'मध्ये, हाच आकडा विशीच्या वर आहे. जागतिक बँकेने २०१८ मध्ये हिशेब मांडला : दक्षिण आशियातला आपसातला मालाचा व्यापार २३ अब्ज डॉलर, आणि अडथळे माणसांनी घातले नसते तर तो ६७ अब्ज डॉलर असता.

माझं म्हणणं एकच आहे, ते आताच सांगून टाकतो. आपल्या भागात मुक्त व्यापार अडलाय तो शुल्काच्या दरापेक्षा फाटक कधीही पडेल या भीतीमुळे. ती भीती घालवण्याची जबाबदारी सगळ्यांत मोठ्या देशाची, म्हणजे आपली. आपण ती वाढवत आलो आहोत. आणि तिची किंमत ढाक्याइतकीच कांद्याचं लासलगाव आणि संत्र्याचं वरूड मोजतात.

लोक म्हणतात, वसाहतींनी आपल्याला शेजाऱ्याकडे पाठ करून उभं केलं. आफ्रिकेबद्दल हे अगदी खरं आहे. तिथले रेल्वेमार्ग खाणीपासून बंदरापर्यंत गेले आणि तिथेच संपले. एक वसाहत लंडनला बांधलेली, शेजारची पॅरिसला. आपल्याकडेही कापूस वऱ्हाडातून मुंबईला आणि तिथून लँकेशायरला गेला, ताग स्कॉटलंडमधल्या डंडीला गेला. पण एक मोठा फरक आपण सोयीने विसरतो. १९४७ च्या ऑगस्टपर्यंत ढाका, कोलकाता, लाहोर, कराची, मुंबई ही एकाच बाजारातली गावं होती. सिंध तर १९३६ पर्यंत मुंबई इलाख्यातच होता. कराचीचा कारभार मुंबईहून चालायचा. आफ्रिकेतल्या देशांना नसलेला बाजार नव्याने उभा करायचाय. आपण असलेला बाजार मोडला, आणि मोडण्याचं बरंचसं काम इंग्रज गेल्यावर केलं.

१९४८-४९ मध्ये पाकिस्तानच्या निर्यातीतला निम्म्याहून जास्त माल भारतात येत होता. फाळणीचं रक्त सांडून गेलं होतं, काश्मीरची पहिली लढाई त्याच काळातली, आणि तरीही व्यापार चालू होता. तो थांबला रुपयाच्या भावावरून. सप्टेंबर १९४९ मध्ये ब्रिटनने पौंडाचं अवमूल्यन केलं, भारताने रुपया त्याच्याबरोबर उतरवला, पाकिस्तानने नकार दिला. एका रात्रीत पाकिस्तानचे शंभर रुपये भारताच्या १४४ रुपयांचे झाले. दिल्लीला तो भाव मान्य नव्हता. ताग पूर्व बंगालच्या शेतात अडकला, गिरण्या कोलकात्याला अडकल्या. मग काय झालं? भारताने भाताच्या जमिनीत ताग लावायला शेतकऱ्यांना भरीस घातलं, तेही अन्नधान्याची टंचाई असताना. पाकिस्तानने नारायणगंजला अडमजीची गिरणी उभी केली, जगातल्या सगळ्यांत मोठ्या ताग गिरण्यांत तिची गणना व्हायची. पिढीभरात प्लास्टिकची पोती आली. अडमजी २००२ मध्ये बंद पडली. हुगळीकाठच्या गिरण्या आज सरकारी धान्याच्या बारदानाच्या सक्तीवर तग धरून आहेत. दोन्ही बाजूंनी एकमेकांना धडा शिकवला आणि धंदा तिसऱ्यानेच नेला. १९४९ चा हा धडा दिल्लीत आणि ढाक्यात कुणीतरी वाचायला हवा होता. त्याऐवजी २०१७ मध्ये आपण बांगलादेशी तागावर डंपिंगविरोधी शुल्क बसवलं, २०२२ मध्ये त्याची मुदत वाढवली, आणि २०२५ मध्ये त्याला समुद्रात ढकललं.

१९६५ च्या युद्धाने रेल्वे आणि नदीची वाहतूक तोडली. आगरतळ्याच्या माणसाला कोलकात्याला जायचं तर गुवाहाटीवरून सोळाशे किलोमीटर. ढाक्यावरून गेला तर पाचशेच्या आसपास. अखौरा ते आगरतळा हा चिमुकला रेल्वेजोड सुरू करायला २०२३ चा नोव्हेंबर उजाडला. वर्षाच्या आत ढाक्यातलं सरकार पडलं आणि रुळांचा उपयोग पुन्हा राजकारणाच्या मर्जीवर गेला.

नाकं उघडं असतं तेव्हाचीही हकिगत ऐका. पेट्रापोल-बेनापोल हे भारत-बांगलादेश सीमेवरचं सगळ्यांत मोठं व्यापारी नाकं. जागतिक बँकेच्या २०२१ च्या अहवालाप्रमाणे मालाला हे नाकं ओलांडायला १३८ तास लागत. यातले २८ तास भारतीय ट्रकमधला माल उतरवून बांगलादेशी ट्रकमध्ये भरण्यात जात. पूर्व आफ्रिकेत एवढीच वर्दळ असलेली सीमा सहा तासांच्या आत ओलांडता येते. त्याच अहवालात आणखी एक वाक्य आहे, ते वाचून संताप येतो : भारतातल्या कंपनीला बांगलादेशापेक्षा ब्राझील किंवा जर्मनीशी व्यापार करणं पंधरा ते वीस टक्क्यांनी स्वस्त पडतं. सीमेवरून ट्रक सरळ पलीकडे जावेत म्हणून बांगलादेश, भूतान, भारत आणि नेपाळ यांनी जून २०१५ मध्ये थिंफूला वाहन करारावर सह्या केल्या. भूतानच्या संसदेने त्याला मान्यता दिली नाही. चिमुकल्या देशात परक्या ट्रकांची रांग लागेल ही त्यांची धास्ती होती, आणि ती धास्ती मला समजते. बाकी तिघांनी भूतानला वगळून पुढे जायचं ठरवलं. त्या ठरावालाही आता वर्षं झाली. पेट्रापोलजवळच्या बनगावच्या पार्किंगमध्ये ट्रक आजही रात्री काढतात, आणि ड्रायव्हरच्या त्या रात्रींचं भाडं शेवटी कुणीतरी कांद्याच्या, मिरचीच्या, सुताच्या भावात भरतं.

आता कांदा.

२९ सप्टेंबर २०१९ ला भारताने कांद्याची निर्यात अचानक बंद केली. चार-पाच दिवसांनी बांगलादेशाच्या तेव्हाच्या पंतप्रधान शेख हसीना दिल्लीत आल्या आणि व्यापाऱ्यांच्या सभेत हिंदीत म्हणाल्या की आमची अडचण झाली, मी स्वयंपाक्याला सांगून टाकलंय की जेवणात कांदा घालू नको, आधी कळवलं असतं तर बरं झालं असतं. सभागृह हसलं. ते हसण्यासारखं बोलणं नव्हतं. एका देशाची पंतप्रधान सगळ्यांत जवळच्या मित्राच्या राजधानीत उभी राहून एवढंच मागत होती की बंदी घालायची तर घाला, आधी सांगा. त्या नोव्हेंबरात बांगलादेशात कांदा किलोला अडीचशे टाक्यांवर गेला आणि परदेशातून विमानाने आणावा लागला. पुढच्याच वर्षी १४ सप्टेंबर २०२० ला भारताने पुन्हा बंदी घातली, पुन्हा न सांगता. सीमेवर ट्रक अडकले, कांदा ट्रकमध्येच सडू लागला. ढाक्याच्या परराष्ट्र खात्याने लेखी नाराजी कळवली. ऑगस्ट २०२३ मध्ये चाळीस टक्के निर्यात शुल्क लावलं. ८ डिसेंबर २०२३ ला पुन्हा सरसकट बंदी. ती ४ मे २०२४ ला उठली, तेव्हाही चाळीस टक्के शुल्क आणि टनाला ५५० डॉलर किमान निर्यात मूल्य मागे ठेवून उठली. शुल्क पूर्ण गेलं १ एप्रिल २०२५ ला.

ही बंदी लासलगावला काय करते ते नाशिक जिल्ह्यातल्या कुणालाही विचारा. बंदीची बातमी आली की दुसऱ्या दिवशीच्या लिलावात भाव कोसळतो. उन्हाळ कांदा चाळीत भरून चार पैसे मिळतील म्हणून थांबलेला शेतकरी चाळीत कोंब फुटताना बघतो. शहरातल्या गिऱ्हाइकाला स्वस्त कांदा मिळावा हे सरकारचं कारण. पण भाव पडतात तेव्हा हेच सरकार त्याच वेगाने धावून येत नाही. एप्रिल २०२४ मध्ये देशभर बंदी चालू असताना गुजरातच्या दोन हजार टन पांढऱ्या कांद्याला निर्यातीची परवानगी मिळाली, तेव्हा नाशिक, पुणे, नगरमध्ये जो राग उसळला तो रास्त होता. दोन दिवसांत सरकारने ९९,१५० टन कांदा सहा देशांना द्यायला मंजुरी असल्याचं जाहीर केलं. त्यात बांगलादेश, श्रीलंका आणि भूतान होते. म्हणजे शेजाऱ्याला कांदा सरकार मेहरबान होईल तेव्हा आणि सरकार नेमेल त्या संस्थेमार्फत मिळणार. व्यापार असा होत नाही. व्यापारात गिऱ्हाइकाला पुढच्या हंगामाचा भरवसा लागतो.

तो भरवसा आपण मोडला आणि गिऱ्हाइकाने आपली सोय केली. बांगलादेशाने कांद्याचं पीक वाढवलं, उन्हाळी जाती लावल्या, इजिप्त, तुर्कस्तान, चीन, पाकिस्तानातून माल आणायची वाट शोधली. आता भारतीय कांदा घ्यायचा की नाही, कधी घ्यायचा, हे ढाका ठरवतो. कांदा महाग होता तेव्हा आपण त्याला दिला नाही. आपल्याकडे ढीग लागतो तेव्हा तो घेत नाही. यात ढाक्याला दोष देण्याइतका कोडगेपणा माझ्याकडे नाही.

वरूड-मोर्शीची कथा उलट्या बाजूची आहे, आणि तिच्यात ढाक्याचा दोष मोठा आहे. विदर्भाच्या संत्र्याचं सगळ्यांत मोठं परदेशी गिऱ्हाईक बांगलादेश. २०१९ च्या सुमारास किलोमागे विसाच्या घरात असलेलं आयात शुल्क तो दरवर्षी चढवत गेला आणि २०२३ पर्यंत ते ८८ रुपयांवर पोचलं. २०२२ मध्ये डॉलर आटले तेव्हा परदेशी फळं चैनीच्या वस्तूंमध्ये टाकून जादा शुल्क लावलं. 'साफ्टा'च्या कागदावर सीमाशुल्क कमी करायचं आणि त्याच मालावर पूरक शुल्क, नियामक शुल्क अशा नावांनी ते दुप्पट वसूल करायचं, ही दक्षिण आशियाची जुनी वाईट सवय आहे. शिवाय प्रत्येक देशाची एक संवेदनशील यादी. त्या यादीतल्या मालाला करार लागू नाही. बांगलादेशाची यादी हजाराच्या घरात. ज्याचा खरोखर व्यापार होऊ शकतो तेच नेमकं यादीत! अमरावतीच्या बागायतदाराने आंबिया बहाराची फळं जड मनाने देशी बाजारात ओतली, भाव पडले, आणि शेवटी महाराष्ट्र सरकारने शुल्काचा निम्मा भार अनुदानाने उचलायचं ठरवलं. म्हणजे महाराष्ट्राच्या करदात्याने बांगलादेशाची तिजोरी भरायची. या पैशात वरूडला शीतगृहं आणि रसाचे कारखाने उभे राहिले असते. असं अनुदान देण्याऐवजी संत्री आणि कांदा एकाच टेबलावर ठेवून दिल्लीने ढाक्याशी बोलणी करायला हवी होती : आम्ही कांदा थांबवणार नाही, तुम्ही संत्र्यावरचं शुल्क उतरवा. अशा बोलण्यांसाठीच तर व्यापार करार असतात.

दार उघडल्यावर काय होतं याचा पुरावा आपल्याकडे आहे, आणि तो आपल्याच हातून घडलाय. नोव्हेंबर २०११ मध्ये मालदीवच्या मालेला तेव्हाचे पंतप्रधान मनमोहन सिंग यांनी जाहीर केलं की 'सार्क'मधल्या अल्पविकसित देशांसाठी भारताची संवेदनशील यादी ४८० वस्तूंवरून २५ वर येईल. उरल्या त्या मुख्यतः दारू आणि तंबाखू. बदल्यात काही मागितलं नाही. मोठ्या देशाने छोट्याशी असंच वागायचं असतं. भारतातला कापड धंदा बुडेल अशी ओरड तेव्हा झाली होती. कापड धंदा बुडाला नाही. बांगलादेशाची भारतातली निर्यात २०१८-१९ मध्ये एक अब्ज डॉलरच्या पुढे गेली, तीनेक वर्षांत दोन अब्जांच्या आसपास पोचली. भारत त्याच काळात बांगलादेशाला याच्या कितीतरी पट माल विकत होता. तीच दारं मे २०२५ मध्ये आपण लावून घेतली.

पाकिस्तानबद्दल लिहिताना मन जड होतं. पहलगामच्या दहशतवादी हल्ल्यात सव्वीस माणसं मारली गेली, आणि त्यानंतरच्या संतापाला मी नावं ठेवणार नाही. पण व्यापाराचा हिशेब हिशेबासारखाच मांडला पाहिजे. भारताने १९९६ मध्ये पाकिस्तानला व्यापारात सर्वांत अनुकूल देशाचा दर्जा दिला. पाकिस्तानने तो कधीच उलट दिला नाही, आणि वाघ्याहून यायला जेमतेम १३७ वस्तूंना वाट दिली. हा करंटेपणा तिकडचा. पुलवामाच्या हल्ल्यानंतर फेब्रुवारी २०१९ मध्ये आपण दोनशे टक्के शुल्क लावलं, ऑगस्टमध्ये त्यांनी व्यापार तोडला, २ मे २०२५ ला आपण आयात पूर्ण बंद केली. अटारीच्या नाक्यावरच्या बहुतेक हमालांची आणि ट्रकवाल्यांची रोजी २०१९ मध्येच गेली. रावळपिंडीतल्या कुठल्या सेनापतीच्या ताटातला घास कमी झाला?

आणि माल थांबला का? आपल्याकडे ओटीत आणि डिंकाच्या लाडवांत जी खारीक जाते ती बहुतांश सिंधमधून यायची. जून २०२५ मध्ये महसूल गुप्तचर संचालनालयाने न्हावा शेव्याला ३९ कंटेनर पकडले : १,११५ टन पाकिस्तानी माल, किंमत नऊ कोटींच्या घरात, दुबईमार्गे, दुसऱ्या देशाचं नाव लावून आलेला. खारीक त्यातच होती. सरळ वाट बंद झाली की आडवाट उघडते, आणि आडवाटेवरचा नफा दुबईतला दलाल घेतो, सुक्कुरचा शेतकरी नाही आणि मशीद बंदरचा प्रामाणिक व्यापारीही नाही.

जून २०२० मध्ये गलवानला चिनी सैन्याशी झालेल्या झटापटीत आपले वीस जवान गेले. त्यानंतर चीनशी व्यापार? २०२४-२५ मध्ये तो १२७ अब्ज डॉलरच्या वर गेला, आणि त्यातली जवळजवळ ९९ अब्जांची तूट आपल्या अंगावर. मोबाइलचे सुटे भाग, औषधांचा कच्चा माल, सौर पट्ट्या, सगळं तिथून येतं, म्हणून ते थांबवता येत नाही. ज्याच्यावाचून आपलं अडतं त्याच्याशी व्यापार चालू राहतो. ज्याचं आपल्यावाचून अडतं त्याचा बंद होतो. मग ढाका, काठमांडू आणि कोलंबोला आपल्या प्रत्येक फाटकात दंडुका दिसतो, यात त्यांचं काय चुकलं?

काठमांडूला तर तो २०१५ मध्ये प्रत्यक्ष बसला. नेपाळने नवी राज्यघटना केली, तराईत आंदोलन पेटलं, आणि सीमेवरून इंधन, औषधं, गॅस यांचे ट्रक चार-साडेचार महिने अडले. भारताने नाकेबंदी केली नाही, आंदोलकांनी केली, असं दिल्ली म्हणाली. एप्रिलच्या भूकंपातून नुकत्याच उठलेल्या आणि चुलीसाठी लाकडं फोडणाऱ्या नेपाळी माणसाने त्यावर विश्वास ठेवला नाही. मार्च २०१६ मध्ये नेपाळने चीनशी वाहतुकीचा करार केला. हिमालयापलीकडची ती वाट महाग आहे, लांब आहे, हे नेपाळलाही कळतं. तरी त्याने सही केली.

मुक्त व्यापारात लबाडीही होते, आणि ती झाकून ठेवणारे लोक या कल्पनेचं नुकसान करतात. भारत-श्रीलंका करार मार्च २००० पासून लागू झाला आणि थोड्याच वर्षांत श्रीलंकेतून वनस्पती तुपाचा पूर आला. श्रीलंकेत पाम तेल पिकून ओसंडत नव्हतं. मलेशिया-इंडोनेशियाचं तेल कमी शुल्कात आणायचं, कारखान्यात त्याचं वनस्पती तूप करायचं आणि शुल्कमुक्त भारतात पाठवायचं, असा तो धंदा. कारखान्यांत भारतीयांचं भांडवलही होतं. आज नेपाळमधून येणाऱ्या सोयाबीन तेलाचं तसंच चाललंय, आणि लातूरच्या सोयाबीन शेतकऱ्याची त्याबद्दलची तक्रार खरी आहे. पण वनस्पतीवर उपाय सापडला होता : वर्षाला अडीच लाख टनांची मर्यादा. करार मोडला नाही, श्रीलंकेशी वाकडं घेतलं नाही. मूळ देशाचे नियम कडक करा, मर्यादा घाला, त्या आधी जाहीर करा आणि मग पाळा.

दुसरी भीती छोट्यांची. मोठा देश सगळे कारखाने ओढून घेईल ही. पूर्व आफ्रिकेत हेच झालं. केनिया, युगांडा आणि टांझानिया यांची रेल्वे एक, टपाल एक, विमान कंपनी एक. १९६७ मध्ये रीतसर संघ केला आणि १९७७ मध्ये तो फुटला. युगांडाचा हुकूमशहा इदी अमीन हे एक कारण, पण मुळाशी दुखणं हे की कारखाने नैरोबीला लागत होते आणि बाकी दोघे गिऱ्हाईक उरत होते. टांझानियाने केनियाची सीमाच बंद केली. १९९९ मध्ये अरुशाला त्यांनी पुन्हा करार केला, या वेळी छोट्यांना मुदती देऊन, केनियाच्या मालावर काही वर्षं शुल्क ठेवून. आज त्यांच्या नाक्यांवर दोन्ही देशांचे अधिकारी एकाच इमारतीत बसून एकदाच तपासणी करतात. भांडणं अजून होतात, पण ट्रक पुढे सरकतो. इंडोनेशियाने १९६३ ते १९६६ मलेशियाशी चकमकी केल्या आणि १९६७ च्या ऑगस्टमध्ये दोघे बँकॉकला 'आसियान'च्या कागदावर सही करत होते. वैर संपेपर्यंत व्यापार थांबवायचा असतो, हे आपल्याला कुणी शिकवलं?

आपल्याकडेही एक गोष्ट या सगळ्या धुमश्चक्रीत टिकली आहे. नेपाळची जलविद्युत भारताच्या तारांवरून बांगलादेशाला विकण्याचा तिहेरी करार ऑक्टोबर २०२४ मध्ये काठमांडूला झाला. शेख हसीना सत्तेवरून गेल्या होत्या, दिल्ली-ढाका बोलणं तुटत चाललं होतं, तरी सही झाली. फक्त ४० मेगावॉट, फक्त पावसाळ्याचे पाच महिने. पण २०२५ च्या जूनमध्ये, ताग समुद्रात ढकलला गेला त्याच महिन्यात, ही वीज ठरल्या तारखेला पुन्हा वाहू लागली. कारण किती वीज, कोणत्या महिन्यात, कोणत्या दराने, हे सगळं कागदावर आधी ठरलं होतं आणि कुणाच्या रुसण्या-फुगण्यावर सोडलं नव्हतं.

कांद्यालाही असा कागद हवा, आणि तसा कागद आपल्याकडे चाळीस वर्षांहून जुना आहे. १९८१ च्या व्यापार कराराखाली भारत मालदीवला दरवर्षी अंडी, बटाटे, कांदे, तांदूळ, साखर, डाळ यांचा ठरलेला कोटा देतो, देशात निर्यातबंदी असली तरी. २०२४ मध्ये मालेत 'इंडिया आउट'च्या लाटेवर निवडून आलेलं सरकार होतं, भारतीय सैनिकांना परत पाठवणं चालू होतं, आपल्याकडे समाजमाध्यमांवर मालदीवच्या सहलींवर बहिष्कार चालला होता. त्याच एप्रिलमध्ये भारताने १९८१ पासूनचा सर्वांत मोठा कोटा मंजूर केला. कांदा ३५,७४९ टन. पुढे मालेचा सूर मवाळ झाला. श्रेय एकट्या कांद्याचं म्हणणार नाही, पण पाच लाख लोकांच्या त्या बेटांवर भारताबद्दल कटुता वाढू न देण्याचं काम त्या कोट्याने केलं.

बांगलादेशाने नेमकं हेच मागितलं होतं. डिसेंबर २०२२ मध्ये दोन्ही देशांचे व्यापारमंत्री दिल्लीत भेटले तेव्हा ढाक्याने तांदूळ, गहू, साखर, कांदा, आलं, लसूण यांचा वार्षिक कोटा ठरवून द्या अशी मागणी ठेवली. बरोबर एका वर्षाने, डिसेंबर २०२३ मध्ये, त्यांना कांदाबंदी मिळाली. ती मागणी आता दिल्लीत नाशिकच्या खासदारांनी, बाजार समित्यांनी आणि कांदा उत्पादकांच्या संघटनांनी आपली म्हणून मांडावी : बांगलादेशाला, श्रीलंकेला, नेपाळला वर्षाला इतका कांदा, बंदी असो वा नसो, आणि बदल्यात संत्र्यावरचं शुल्क इतक्या वर्षांत इतकं खाली. आकडा लाखाचा ठरो की तीन लाखांचा, तो पाच वर्षांसाठी ठरावा आणि लागणीच्या आधी जाहीर व्हावा, म्हणजे रोप टाकताना चांदवडच्या शेतकऱ्याला आणि पैसे मोजताना ढाक्याच्या श्यामबाजारातल्या आडत्याला तो सारखाच माहीत असेल.